‘झोपू दे त्याला’ म्हणण्याआधी श्वास मोजा: ओव्हरडोस टाळणं, ओळखणं आणि पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं

गाढ झोपलेला माणूस घोरतो तेव्हा घोरण्याला लय असते. कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो, चिमटा काढला की तो शिवी हासडतो. ब्राऊन शुगर, वर झोपेच्या दोन गोळ्या आणि त्यावर फेणी, असं पोटात घेऊन पडलेल्या माणसाच्या घशातला आवाज वेगळा असतो. तो ओला असतो, हुक्क्यासारखा गुडगुडतो आणि मध्येच तुटतो. दहा-बारा सेकंद काहीच नाही, मग एक खोल ओढ, परत शांतता. भोवती बसलेले म्हणतात, “मस्त झोपलाय, झोपू दे त्याला, सकाळपर्यंत उतरेल.” आमच्या मते ओव्हरडोसमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच.

हा लेख नशा करणाऱ्यांसाठी आहे, तसाच त्यांच्या खोलीतल्या सोबत्यांसाठी, घरच्यांसाठी, आणि गोव्यात हणजूण-हरमलपासून पाळोळेपर्यंत शॅक, गेस्टहाऊस किंवा भाड्याच्या खोल्या चालवणाऱ्यांसाठीही आहे. नशा करावी की नाही हा वाद इथे घालायचा नाही. माणूस जिवंत राहिला तर तो वाद नंतर घालता येतो.

जीव नेमका कशाने जातो

ब्राऊन शुगर म्हणजे अशुद्ध हेरॉईन. अफू, मॉर्फिन, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या हे सगळं त्याच कुळातलं. ही द्रव्यं मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वासाच्या केंद्राला गुंगी आणतात. एरवी रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की तो भाग छातीला ‘श्वास घे’ म्हणून ढोसतो. गुंगीत तो ढोसणं विसरतो. श्वास आधी मंदावतो, मग उथळ होतो, मग थांबतो, आणि त्यानंतर काही मिनिटांनी हृदय थांबतं. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आधी श्वास जातो, हृदय नंतर.

यातली आशेची गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा हे एका झटक्यात होत नाही. डोस घेतल्यापासून श्वास बंद पडेपर्यंत अनेकदा तास-दोन तास जातात. एवढ्या वेळात शेजारी कुणी जागं असेल आणि काय पाहायचं हे त्याला माहीत असेल, तर माणूस वाचतो.

धोका कधी वाढतो

सगळ्यात मोठा सापळा खंड पडल्यानंतरचा. रोज घेणाऱ्याचं शरीर हळूहळू सरावतं आणि जो डोस नवख्याला मारेल तो त्याला जेमतेम पुरतो. पण हा सराव थोड्याच दिवसांत ओसरतो. कोलवाळच्या तुरुंगातून सुटलेला, व्यसनमुक्ती केंद्रातून दहा-पंधरा दिवसांनी घरी आलेला, टायफॉइडने इस्पितळात पडून आलेला, गावी राहून सीझनला परतलेला, या सगळ्यांचं शरीर नवख्यासारखं झालेलं असतं आणि हाताला मात्र जुनं माप आठवत असतं. सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत वाईट. म्हणून नुसतं ‘डिटॉक्स’ करून, पुढच्या उपचाराविना माणसाला घरी सोडणं आम्हाला धोक्याचं वाटतं. घरचे पेढे वाटतात, आणि तो आधीपेक्षा जास्त जोखमीत असतो.

खंडानंतर घेणारच असाल तर जुन्या मापाच्या चौथ्या हिश्श्यापासून सुरुवात करा. सुई नको, सुईने सगळा डोस एका दमात रक्तात उतरतो, परत घेता येत नाही. पन्नीवर ओढताना निदान मध्येच थांबता येतं. ते सुरक्षित आहे असं नाही, पण फरक मोठा आहे.

दुसरा सापळा मिसळण्याचा. श्वास मंदावणाऱ्या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्यांची नुसती बेरीज होत नाही, एक दुसरीला चढवते. ब्राऊन शुगर किंवा ट्रॅमाडॉलसोबत अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम (मुंबईकडे ज्यांना ‘बटन’ म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या), प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) किंवा दारू ही नेहमीची मारक जोडी. गोव्यात इथे फेणीचा विचार वेगळा करावा लागतो. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, हलकी, फेणीत मात्र साधारण चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं. मार्च-एप्रिलमध्ये हुर्राकाचे चार ग्लास पचवणारा माणूस त्याच हिशेबाने फेणी प्यायला आणि वर गोळ्या घेतल्या, तर गणित तिथेच चुकतं. दारू आधी आणि ड्रग नंतर हा क्रम जास्त वाईट, कारण प्यालेल्या माणसाला माप राहत नाही.

तिसरा सापळा एकटेपणाचा, आणि त्यातही बाथरूमचा. लपून घ्यायचं म्हणून माणूस बाथरूममध्ये जातो, आतून कडी लावतो आणि भिंतीला टेकून बसतो. मान पुढे पडते, हनुवटी छातीला लागते, आधीच मंद झालेल्या श्वासाची नळी दुमडते. बाहेरच्यांना कळेपर्यंत वीस मिनिटं जातात, दार तोडण्यात आणखी पाच. एकटे असाल तर निदान कडी लावू नका. दुसऱ्या गावातल्या भरवशाच्या माणसाला फोन लावून चालू ठेवा, आणि ‘दहा मिनिटं बोललो नाही तर १०८ ला हा पत्ता सांग’ असं आधीच ठरवा. चौघे असाल तर चौघांनी एकाच वेळी घेऊ नका. एक जण तासभर कोरा राहिला पाहिजे.

माल ओळखीचा असला तरी पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ब्राऊन शुगरमध्ये झोपेच्या गोळ्या कुटून घालतात. एलएसडी म्हणून दिलेल्या कागदावर एनबोम नावाचं भलतंच रसायन असू शकतं, आणि त्याने आकडी येऊन माणसं दगावलेली आहेत. एलएसडीला जवळजवळ चव नसते. कागद कडू लागला किंवा जीभ बधिर झाली तर थुंकून टाका. नवीन माणसाकडून घेतलेला कुठलाही माल आधी अगदी थोडा घेऊन पाहा आणि थांबा. किती थांबायचं ते कसा घेतला यावर आहे: ओढला तर काही मिनिटं, नाकाने घेतला तर अर्धा तास, पोटातून घेतला तर दीड-दोन तास. एमडीएमएची (एक्स्टसीची) गोळी किंवा भांगेचा लाडू घेऊन पाऊण तासात ‘काही चढलंच नाही’ म्हणून दुसरा घेणं ही हमखास होणारी चूक. दोन्ही मग एकदम चढतात.

दमा, क्षयरोग, लिव्हरचा त्रास, नुकताच होऊन गेलेला ताप, उपाशीपोट आणि अपुरी झोप, यांनी हे सगळे धोके वाढतात. पूर्वी एकदा ओव्हरडोस होऊन गेला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

गोळ्यांचं गणित

फार्मसीतली पट्टी म्हणजे शुद्ध आणि मापातला माल, असा एक समज आहे. त्यात एक मेख आहे. ट्रॅमाडॉलची सर्रास मिळणारी गोळी एकटी नसते, तिच्यात ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. किक ट्रॅमाडॉलची लागते, लिव्हर पॅरासिटामॉलने जातं. हिशेब करून पाहा: दिवसात २४ गोळ्या म्हणजे ७,८०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. ५० किलोच्या माणसाला २४ तासांत ७,५०० मिलिग्रॅमच्या (किलोमागे १५०) वर गेलं की विषबाधेचा धोका धरतात, आणि दारू पिणाऱ्या किंवा उपाशी माणसाला त्याहून कमीही पुरतं. याची दुष्टाई अशी की पहिले २४ तास थोड्या मळमळीखेरीज काही जाणवत नाही. माणूस हिंडतो-फिरतो, आणि तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे होतात. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचं उत्तम औषध आहे, पण ते पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं काम करतं. म्हणून अशा गोळ्या जास्त गेल्या असतील तर ‘बरा दिसतोय’ यावर विसंबू नका, त्याच रात्री इस्पितळात न्या.

ट्रॅमाडॉलचा दुसरा त्रास आकडीचा. जास्त डोसला श्वास मंदावण्याआधीच झटके येऊ शकतात.

घरात आजीच्या अल्प्राझोलामची किंवा कॅन्सरच्या रुग्णाच्या मॉर्फिनची पट्टी असेल तर ती कुलपात ठेवा आणि गोळ्या मोजून ठेवा. लहान मुलाला यातली एकही गोळी जड जाऊ शकते.

ओळखायचं कसं

नशेत असलेला माणूस जड असतो, पेंगतो, पण हाक मारली की उत्तर देतो, भले अर्धवट. ओव्हरडोसमधला देत नाही. मोठ्याने नावाने हाक मारा, खांदे हलवा. ओ दिली नाही तर हाताची मूठ करून बोटांच्या पेरांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात, वर-खाली, दहा सेकंद रगडा. हे खूप दुखतं. यालाही तो हलला नाही तर ती झोप नव्हे.

आता श्वास. शर्ट वर करा, एक हात पोट आणि छाती यांच्या मध्ये ठेवा, फोनवर घड्याळ लावा आणि ३० सेकंदांत छाती किती वेळा वर येते ते मोजून दुप्पट करा. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. १२ च्या खाली गेला तर त्याला एकटं सोडू नका, दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. १० किंवा त्याहून कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, म्हणजे १०८. इथे ‘बघू थोडा वेळ’ नाही.

रंग पाहताना चेहरा पाहू नका. सावळ्या माणसाचा चेहरा निळा दिसत नाही, राखाडी आणि मेणचट दिसतो. ओठांची आतली बाजू, हिरड्या आणि नखं पाहा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर अफूकुळातल्या द्रव्याची शंका पक्की. पण बाहुल्या मोठ्या आहेत म्हणून निश्चिंत होऊ नका: मिश्र नशेत, आणि मेंदूला बराच वेळ ऑक्सिजन मिळाला नसेल तर, त्या पसरलेल्याही असतात.

पहिली दहा मिनिटं

आधी १०८ लावा आणि फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतात. १०८ लागत नसेल तर ११२. पहिलं वाक्य हे: “माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट घेत नाही.” मराठी, कोकणी, हिंदी, जी तोंडात येईल त्या भाषेत. ड्रगची कथा नंतर सांगता येते. मग पत्ता. गोव्यात घर नंबरावरून कुणाला घर सापडत नाही, त्यामुळे गाव, वाडा, आणि जवळचा खुरीस (क्रूस), कपेल (छोटं चर्च), देऊळ किंवा तिठा सांगा. एकाला टॉर्च घेऊन मुख्य रस्त्यावर उभं करा. सीझनमध्ये वागातोर-कळंगुटच्या गल्ल्यांत मोठी गाडी अडकते. १०८ ची दुचाकीही असते, ती आधी पोचू शकते. तिच्यावर आलेल्या माणसाला जागा दाखवायला कुणीतरी हवंच.

दरम्यान त्याला कडक जमिनीवर पाठीवर झोपवा. गादीवर नको. किनाऱ्यावर असाल तर कोरड्या भुसभुशीत वाळूतून ओढून भरतीने घट्ट झालेल्या ओल्या वाळूवर आणा, कारण मऊ वाळू दाब गिळते. पाण्यापासून मात्र लांब. दिवसा जीवरक्षकांचा मनोरा जवळ असेल तर एकाला तिकडे पळवा.

तोंड उघडून पाहा. उलटी, गुटखा, च्युइंगगम दिसत असेल तर डोकं कुशीवर वळवून बोटाने काढा. दिसत नसेल तर आत बोटं घालून चाचपू नका. मग एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली, डोकं मागे, हनुवटी वर. कित्येकदा एवढ्यानेच जीभ मागून सुटते, घशातली घरघर थांबते आणि श्वास सुरू होतो.

तो श्वास घेत नसेल किंवा मिनिटाला एक-दोन आचके देत असेल, तर तुम्हाला द्यावा लागेल. नाक चिमटीत धरा, त्याच्या तोंडावर तोंड घट्ट बसवा, एक सेकंदभर हवा सोडा. छाती वर आली पाहिजे. आली नाही तर डोकं पुन्हा मागे करा. बहुतेक वेळा चूक मानेच्या कोनात असते. आधी दोन श्वास, मग दर पाच सेकंदांनी एक. सेकंद मोजायला मनात “एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस” म्हणा. घाईत ‘एक-दोन-तीन’ दोन सेकंदांत संपतं, हे शब्द लांब असल्याने संपत नाहीत. फुगवण्यासाठी जोर लावू नका, जास्तीची हवा पोटात जाते आणि उलटी वर येते.

तो निपचित पडला आहे, श्वास अजिबात नाही, हलत नाही, आणि नाडी तपासायची सवय तुम्हाला नाही, तर नाडी शोधण्यात वेळ घालवू नका. छाती दाबायला लागा. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, निदान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. दर ३० दाबांनंतर २ श्वास. दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दाब उथळ होत चाललाय हे दाबणाऱ्याला कळत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात नुसती छाती दाबूनही भागतं असं आपण ऐकलेलं असतं. इथे अडचण ऑक्सिजन संपल्याची आहे, त्यामुळे जमत असेल तर श्वास वगळू नका. तोंडाला तोंड लावणं जमतच नसेल तर नुसते दाब, पण थांबू नका.

श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, तर डाव्या कुशीवर. तुम्ही त्याच्या डाव्या बाजूला गुडघे टेका. त्याचा डावा हात कोपरात वाकवून डोक्याच्या बाजूला ठेवा. उजवा हात छातीवरून आणून पालथा पंजा डाव्या गालाखाली. उजवा गुडघा उभा वाकवा आणि तोच गुडघा धरून त्याला आपल्याकडे ओढा. गुडघा जमिनीला टेकतो आणि माणूस पोटावर पालथा होत नाही. हनुवटी थोडी वर, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी बाहेर येईल, फुप्फुसात जाणार नाही. फेणी पिऊन बेशुद्ध पडलेल्यालाही हीच कूस. पाठीवर झोपवून पंखा लावून निघून जाणं म्हणजे त्याला त्याच्या उलटीच्या हवाली करणं.

नॅलॉक्सोन

अफूकुळातल्या ओव्हरडोसवर उतारा आहे, आणि तो चांगला आहे. नॅलॉक्सोन त्या द्रव्याला मेंदूतल्या जागेवरून ढकलून देतं आणि श्वास परत येतो. भारतात ते मुख्यतः १ मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत मिळतं, त्यात ०.४ मिलिग्रॅम औषध. डॉक्टरची चिठ्ठी लागते. घरात ब्राऊन शुगर किंवा ट्रॅमाडॉल घेणारं कुणी असेल तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा आपल्या डॉक्टरकडे चिठ्ठी स्पष्ट शब्दांत मागा, दोन-तीन कुप्यांची, आणि इंजेक्शन द्यायचं कसं तेही तिथेच हाताने करून शिकून घ्या.

कुपीची मान कापडात धरून मोडा. दोन-तीन मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये सगळं ओढा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, सुई सरळ काटकोनात आत. पातळ कपडा असेल तर काढत बसू नका. असर यायला दोन ते पाच मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तोंडाने श्वास देणं चालू ठेवावं लागतं. इंजेक्शन दिलं म्हणून हात बांधून पाहत बसणं ही नेहमीची चूक. तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरी कुपी. त्याने डोळे उघडून बोलायला लागावं हे उद्दिष्ट नाही, श्वास पुरेसा व्हावा एवढंच.

शुद्धीवर आलेला माणूस आभार मानेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला एकदम विड्रॉवल लागतो: उलटी, घाम, चिडचिड, “माझी किक घालवलीस.” तो उठून जाऊ पाहील किंवा लगेच पुन्हा घ्यायला निघेल. इथे अडवणं महत्त्वाचं, कारण नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि अंगातला माल त्यापेक्षा जास्त वेळ टिकू शकतो. मग तो आपोआप पुन्हा बुडतो, नवीन काही न घेताही. निदान दोन तास डोळ्यांसमोर हवा, इस्पितळात असेल तर उत्तम.

दारू, अल्प्राझोलाम, केटामाईन (भुलीचं औषध) किंवा कोकेनवर नॅलॉक्सोन चालत नाही. पण काय घेतलंय ते माहीत नसेल तर देण्याने नुकसान नाही. कुपी उजेडापासून दूर, घरातल्या थंड कपाटात ठेवा. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवलेलं औषध भट्टीत ठेवल्यासारखं. तारीख वर्षातून एकदा तपासा.

हे करू नका

डोक्यावर गार पाण्याची बादली, कानशिलात, नाकाशी कांदा, तोंडात लिंबू-मीठ, ताक, काळी कॉफी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेला प्रत्येक घोट श्वासनळीत जाऊ शकतो. उलटी करवू नका. मिठाचं पाणी किंवा दूध शिरेत टोचण्याचा प्रकारही ऐकू येतो. त्याने फक्त वेळ जातो आणि नवीन विषबाधा होते. उतारा म्हणून कोकेन किंवा दुसरं उत्तेजक देणं तर वेडेपणाच: ते लवकर ओसरतं आणि गुंगी शिल्लक राहते.

पार्टीतला ओव्हरडोस वेगळा

कोकेन, एमडीएमए आणि मेथच्या ओव्हरडोसमध्ये श्वास मंदावत नाही. शरीर तापतं आणि हृदय धावतं. अंग चटक्यासारखं गरम, जबडा आवळलेला, असंबद्ध बडबड, कुणीतरी मारायला आलंय असा भास, छातीत दुखणं, आकडी. गोव्याच्या दमट हवेत, गर्दीत चार तास नाचलेल्या माणसाचा घाम वाळतच नाही, त्यामुळे ताप ४० अंशांच्या वर जाऊ शकतो, आणि त्यानेच स्नायू विरघळून किडन्या बंद पडतात. गर्दीतून बाहेर, सावलीत किंवा वाऱ्यात आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी शिंपडून वारा घाला. शॅकमधला बर्फ कपड्यात गुंडाळून काखेत, मानेच्या बाजूंना आणि जांघेत ठेवा. १०८ तर लावलेलीच हवी. चार जणांनी पालथं पाडून वर बसू नका. दाबून धरलेला तापलेला माणूस गुदमरून जातो. हळू आवाजात एकानेच बोलावं.

पाण्याबद्दल उलटसुलट सल्ले ऐकू येतात. एमडीएमएवर तहान खूप लागते आणि शरीर पाणी धरून ठेवतं. दोन-तीन लिटर साधं पाणी घटाघटा प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, मेंदूला सूज येते. नाचत असाल तर तासाला अर्धा लिटर, बसले असाल तर पाव लिटर, घोट-घोट. ओआरएस किंवा मीठ घातलेलं लिंबूपाणी साध्या पाण्यापेक्षा बरं. डोकं दुखणं, उलट्या आणि गोंधळ सुरू झाला तर आणखी पाणी पाजू नका.

आकडी आली तर चप्पल हुंगवणं, हातात किल्ली देणं, दातांत चमचा घालणं, सगळं बाजूला. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूचं टणक सामान सरकवा, वेळ पाहा, झटके थांबले की कुशीवर. पाच मिनिटांच्या वर चालली किंवा लगेच पुन्हा आली तर तसं फोनवर सांगा.

केटामाईनमध्ये शरीर आणि मन यांची गाठ सुटते, वेदना कळत नाही. अशा माणसाला एकटं सोडू नका आणि समुद्राकडे तर अजिबात जाऊ देऊ नका. गुडघाभर पाणीही त्याला पुरतं.

सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगणाऱ्या पोरांच्या मागे ओरडत धावू नका. त्या वेळी दचकून पळाल्याने हृदयाची लय बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो. शांतपणे खिडकी उघडा, पिशवी बाजूला करा, बसवून ठेवा.

इस्पितळ आणि पोलीस

फोन न करण्याचं खरं कारण बहुधा पोलिसांची भीती असते, त्यामुळे हे आडपडदा न ठेवता सांगायला हवं. बेशुद्ध, विषबाधा झालेला रुग्ण आला की इस्पितळ मेडिको-लीगल नोंद करतं आणि पोलिसांना कळवतं, हे खरं. सेवन हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे, हेही खरं. त्याच कायद्यात कलम ६४अ आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा (हेरॉईन ५ ग्रॅम, चरस १०० ग्रॅमपर्यंत) आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पत्करले तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही, उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. जीव देण्यासाठी गोळ्या घेतल्या असतील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ त्या माणसाला तीव्र तणावाखालचा मानतं, आरोपी नव्हे. आणि तातडीचे उपचार नाकारण्याचा अधिकार कुठल्याही डॉक्टरला नाही, खासगी इस्पितळातल्याही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. रजिस्टरवरची एक नोंद आणि प्रेताचा पंचनामा यांतली निवड अवघड नसावी.

डॉक्टरला मात्र खरं सांगा: काय घेतलं, किती, किती वाजता, कसं, दारू किती. कोकेन घेतलं असेल तर ते लपवू नका, कारण छातीत दुखण्यावरची काही औषधं तेव्हा टाळावी लागतात. रिकाम्या पट्ट्या आणि पुडीचा कागद पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना विषासंबंधी सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर आहे.

दुसऱ्या दिवशी

वाचलेला माणूस घरी येतो तेव्हा सगळे त्याच्यावर तुटून पडतात, किंवा कुणीच काही बोलत नाही. दोन्ही निरुपयोगी. त्याच आठवड्यात बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत न्या आणि ब्युप्रेनॉर्फिनच्या पर्यायी उपचाराबद्दल विचारा. ही जिभेखाली ठेवायची गोळी तलफ आणि विड्रॉवल शमवते, आणि जोवर ती नेमाने चालू आहे तोवर ओव्हरडोसने मरण्याचा धोका बराच कमी राहतो. ‘एका नशेच्या जागी दुसरी’ म्हणून महिनाभरात बंद करायला लावणारे नातेवाईक त्या माणसाला पुन्हा खंडाच्या सापळ्यात ढकलतात. पहिली गोळी विड्रॉवल सुरू झाल्यावरच घ्यायची असते, आधी घेतली तर हाल होतात, म्हणून ती शेजाऱ्याकडून मागून सुरू करू नका. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६.

आणि एक कागद तयार करा, दाराच्या मागे चिकटवायला. त्यावर मोठ्या अक्षरात १०८. खाली गाव, वाडा आणि खुरीस कुठला ते, गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून किती चालायचं ते. नॅलॉक्सोन कुठल्या खणात आहे. बाथरूमच्या कडीला बाहेरून उघडायचा स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवलाय. आणि घरमालकाचा नंबर, कारण रात्री गेटची किल्ली त्याच्याकडेच असते.